केसभर जाड

६ जानेवारी

सूड! दुसरा शब्दच सुचत नाही.

डब्याच्या सुट्टीत डॉक्टर रोज माउथ ऑर्गन वाजवतो. तेच एक गाणं, आणि सगळा दवाखाना माना डोलावतो. आज तो बाजा टेबलावर ठेवून फोन घ्यायला गेला. मी सहज उचलला, फुंकला — चार सूर एकदम भसकन बाहेर! तो आला, माझ्या हातातून बाजा घेतला आणि सगळ्यांदेखत स्पिरिटच्या बोळ्याने पुसला. "हे वाजवायचं असतं, फुंकायचं नसतं. चूल पेटवतेस का?"

सगळे खो खो हसले. अकरा वर्षं मागच्या खोलीत बसून याच्या पेशंटांचे दात घडवतेय मी. एकही दात परत आला नाही आजवर!

७ जानेवारी

काउंटरवरची ओरडली, "फुंकणी, साचे आले गं!" म्हणजे नाव पडलंच.

१० जानेवारी

माउथ ऑर्गन आणला. दहा भोकांचा, त्याच्यासारखाच. १ मार्चला दवाखान्याला पंचवीस वर्षं होतात, कार्यक्रम आहे. तो वाजवणारच. त्याच्या पाठोपाठ तेच गाणं मी वाजवणार, त्याच्यापेक्षा चांगलं. बस्स!

१६ जानेवारी

एका भोकातून एकच सूर यावा, एवढंच मागणं. तेही जमत नाही! ओठांचा चंबू करकरून साल निघाली. दुपारी पेशंटसाठी ठेवलेलं मलम मीच लावलं. आई म्हणते, "शेजारीण विचारत होती, घरात मांजर कोंडलंय का?"

२५ जानेवारी

एकच सूर! स्वच्छ! ओठ आवळत होते, तीच चूक. सैल सोडले, बाजा तोंडात आणखी आत घेतला आणि आला की! आई आतून म्हणाली, "आज मांजराला बरं वाटतंय."

४ फेब्रुवारी

चोरी पकडली!!

त्याच्या गाण्यात, तिसऱ्या ओळीत, एक सूर आहे जो या बाजात सरळ मिळतच नाही. तिसऱ्या भोकातून श्वास आत ओढायचा, ओढताना जीभ मागे आणि खाली न्यायची. मग सूर वाकतो, खाली उतरतो आणि तो लपलेला सापडतो. आज सुट्टीत कान टवकारून बसले. तिथे आला की डॉक्टर डोळे मिटतो, हात थरथरवतो आणि तो सूर चक्क गाळून पुढे सटकतो! इतकी वर्षं! आणि हे सगळे — वा डॉक्टर, वा!

त्याच्यामागून मी तो सूर वाजवला, की सगळ्या दवाखान्याला कळेल हा कुठला सूर खातोय ते.

१३ फेब्रुवारी

आज दहातून तीनदा लागला. घाई केली की घसरतो. फक्त तेवढीच ओळ, हळू, पन्नास वेळा.

१९ फेब्रुवारी

देव आहे! डॉक्टरच्या पुढच्या खोट्या दातांचा जुना ब्रिज अक्रोड खाताना फुटला. नवा करायचाय. साचा कुणाच्या टेबलावर आला? माझ्या!

वाजवताना जीभ कुठे टेकते, कुठे फिरते, हे आता मला त्याच्याइतकंच ठाऊक आहे. दातांची मागची बाजू जराशी जाड ठेवली तर आरशात दिसणार नाही, पण गाण्यात जीभ ठेचकाळणार.

नको. मला त्याला वाजवून हरवायचंय. आणि काम ते काम.

२० फेब्रुवारी

ठेवली. केसभर.

२२ फेब्रुवारी

धाकट्या डॉक्टरीणबाईंनी ब्रिज बसवला. तो बराच वेळ आतून जीभ फिरवत राहिला. शेवटी म्हणाला, "छान झालाय." पण आता कार्यक्रमापर्यंत वाजवणार नाही म्हणे, दातांना विश्रांती. हायसं वाटलं. मग जरा लाजही वाटली. मग ती चूल आठवली आणि लाज गेली.

२३ फेब्रुवारी

कार्यक्रमाची यादी लागली. त्याच्या नावाखाली माझं नाव. काउंटरवरची म्हणाली, "डॉक्टरांच्या मागून? अगं, डोकं ठिकाणावर आहे का?"

मला आता दहातून दहादा लागतो.

१ मार्च

त्याने वाजवलं. पहिली ओळ, दुसरी. मी हात चोळत बसलेली. तिसरी ओळ आली — आणि सूर लागला! पुरा, गोल, सरळ काळजात जाणारा. त्याचं त्यालाच खरं वाटेना, बाजा खाली घेऊन बघत राहिला. ती जाडी! जीभ तिला अडली, मागे सरकली — नेमकी जिथे जायला हवी तिथे गेली! इतक्या वर्षांत जमलं नाही ते माझ्या खोडीने करून दिलं.

टाळ्या थांबेनात. मग मी. एक चूक नाही, सूरसुद्धा लागला. काउंटरवरची म्हणाली, "छान गं, अगदी डॉक्टरांसारखं."

घरी आले, जेवले नाही.

२ मार्च

डॉक्टर मागच्या खोलीत आला. दार लोटलं. "ब्रिज जाड आहे हे पहिल्याच दिवशी कळलं होतं. तीस वर्षं दातच बघतोय ना! दुसऱ्या दिवशी घासून घेणार होतो. तेवढ्यात यादीत तुझं नाव पाहिलं. म्हटलं, राहू दे. आपणच त्या दिवशी नको ते बोललो, चुलीचं. पडू एकदा तोंडावर तिच्यासमोर." मग कान खाजवत म्हणाला, "आता सूर लागला, त्याला मी काय करू?"

म्हणजे माझा सूडसुद्धा यानेच मंजूर केला होता — रजेच्या अर्जासारखा!