नव्या कॅमेऱ्याला उजेड नाही

पाली, सोमवार

तीर्थरूप मधूदादास धाकट्या सुलूचा वाकून नमस्कार.

तुझा गुडघा आता जिना चढू देतो का? वहिनींचा खोकला थांबला असेल तर ज्येष्ठमधाचा डबा परत पाठव. आमच्याकडे सगळे ठणठणीत. (फोनच केला असता, पण तू दोन वाक्यांनंतर ‘हां, हां’ करतोस आणि फोन वहिनींकडे देतोस, म्हणून लिहिते.)

माझा जुना कॅमेरा भोरला ठेवून घेऊन तू हा नवा दिलास, त्याची हकिगत कळवायची राहिली. कॅमेरा फार गुणाचा आहे, हे आधीच लिहून ठेवते, म्हणजे पुढचं वाचून तुला राग यायला नको. माणूस समोर आलं की त्याच्या तोंडाभोवती आपोआप चौकट धरतो. परवा देव्हाऱ्यातल्या बाळकृष्णालाही धरली, तेव्हापासून सासूबाई कॅमेऱ्याला हात धुतल्याशिवाय शिवत नाहीत. फक्त काही वस्तू त्यात सापडेनात. डोळा लावायचं भोक नाही, त्यामुळे पहिले दोन दिवस मी सवयीनं पडद्यालाच डोळा लावला आणि सगळं काजळ त्याला फासलं. खटका दाबला तरी आवाज नाही. पेन्सिल सेल चालत नाहीत, ते आमच्या सोमनाथच्या दुकानात तरी मिळायचे. आणि फ्लॅश तर नाहीच. ह्यांनी खोकं उलटं करून झटकूनसुद्धा पाहिलं. शेवटी तुझ्या चैत्रालीनं सांगितलं, आत्या, ह्याला फ्लॅश लागत नाही, अंधारातही दिसतं. मला पटलं. पण पालीत फोटो म्हणजे उजेड. तो पडेपर्यंत माणसं श्वास धरून उभी राहतात आणि पडला की मग हलतात.

तर गेल्या गुरुवारी शेजारच्या धोंडाबाईंच्या सुनेचं, प्रेरणाचं, ओटीभरण होतं आणि फोटो माझ्याकडे होते. प्रेरणाचं माहेर किकवी. तिची आई साळूबाई आणि धोंडाबाई, ह्या दोघी विहिणी लग्नापासून एकमेकींशी बोलत नाहीत. (मानाची साडी फिकी निघाली, एवढंच कारण. मी साडी पाहिली आहे, फिकी होती खरी.) पोरीला पहिल्या बाळंतपणाला माहेरी जायचं होतं. धोंडाबाई सोडायला तयार नव्हत्या आणि साळूबाई तोंड उघडून मागायला तयार नव्हत्या. पोरगी अंगावर एवढे फुलांचे दागिने घालून डोळे पुसत होती. कोणता फोटो काढू विचारलं तर म्हणाली, “दोन्ही आया एका जागी.”

दोघींना माजघरात उभं केलं. मध्ये तांदळाचं पोतं मावेल एवढी जागा, आणि चेहरे जप्तीला आल्यासारखे. मी खटका दाबला, फोटो निघाला. त्या हलेनात. उजेडाची वाट बघतायत हे माझ्या ध्यानात आलं, आणि का कोण जाणे, मी काही बोललेच नाही. नुसती दाबत राहिले.

बऱ्याच वेळानं धोंडाबाई ओठ न हलवता म्हणाल्या, “हिला येत न्हाई जनू.”

“न्हाईच येत,” साळूबाई समोर बघतच बोलल्या. “मगाधरनं नुसती चाचपतीया.”

“पोरांच्या लग्नात बी हिनंच काढलं. सगळ्यात माझं डोळं मिटल्यालं.”

“माझं तर मुंडकंच न्हाई.”

दादा, लग्नापासूनचं हे त्यांचं पहिलं बोलणं, आणि तेही माझ्या निंदेचं. पण किती मन लावून करत होत्या. बोलता बोलता साळूबाईंनी धोंडाबाईंचा घसरलेला पदर सारखा केला, धोंडाबाई हसल्या, मग दोघींनाही आवरेना. त्या हसण्यातच साळूबाईंनी विचारलं, “पोरीला न्हेऊ का वो?”

धोंडाबाईंनी सारखा केलेला पदर ओढून घेतला. मला वाटलं, बिघडलं.

“न्या,” त्या म्हणाल्या. “पर बारशाला हिला बोलवू नगा.”

प्रेरणा रडायला लागली. मलाही भरून आलं, म्हणून कॅमेऱ्यामागे तोंड लपवायला गेले, तर तिथं डोळा लावायला जागाच नाही. पण फोटो बघशील तर थक्क होशील. माजघराला एक झरोका, तरी पदराचा काठ न् काठ दिसतो आणि दोघींच्या डोळ्यांतलं पाणीसुद्धा. असली वस्तू निवडावी तर तूच. वहिनींना नमस्कार, चैत्रालीला आशीर्वाद.

तुझी सुलू

ता. क. जुना कॅमेरा भोरहून कुणी इकडे येणार असेल त्याच्याबरोबर पाठव. सुलूला फोटो येत नाहीत, असं दोघी पाली ते किकवी सांगत सुटल्यात, आणि गावातल्या मानसिंगच्या नातवाच्या जावळाचे फोटो माझ्या हातून गेले. फोटो नव्यानंच काढीन. जुना डाव्या हातात धरून नुसता उजेड पाडायचा आहे. सेल घालूनच पाठव.

आणखी एक. प्रेरणा किकवीला सुखरूप पोचली. दोघी विहिणींना तो फोटो मोठा करून हवा आहे, पण दुसरीला कापून. मी कापला. साळूबाईंच्या फोटोत धोंडाबाईंचा हात तेवढा खांद्यावर राहिला, तो काही निघेना. तसं कळवलं तर म्हणाल्या, “राहू दे. बांगड्या बऱ्या दिसत्यात.”