पांढऱ्या रंगाचे दोन हात

प्रिय इर्मगार्ड,

अक्षर ओळखू येणार नाही तुला; हल्ली माझं मलाही येत नाही. मी आल्विन ट्योपेल, राजवाड्याच्या मागच्या गल्लीतला रंगारी. बेचाळीस वर्षांनी लिहितोय, तर आधी तब्येतपाणी विचारावं एवढी रीत मला कळते. पण बातमीच अशी आहे की धीर धरवत नाही. मेजवानीच्या दालनाचं छत मोकळं झालं. आख्खं.

एकावन्न सालचा तो हुकूम तुला आठवतच असेल. राजेसाहेब सहा वर्षांपूर्वीच पळाले होते, दालनात शेतकी शाळेची खानावळ व्हायची होती, आणि उघड्यावाघड्या देवी नि राजघराण्याची ढालतलवार बघत पोरांनी बटाटे खाऊ नयेत असं जिल्ह्याच्या साहेबांना वाटलं. चित्रांवर पांढरा रंग फासायचं काम मला मिळालं. पंचवीस वर्षांचा होतो, नुकताच स्वतःच्या नावानं धंदा सुरू केला होता, आणि तुझ्याशी लग्न करायचं होतं. त्या छताचं मला काडीचं कौतुक नव्हतं. तुझे वडील राजवाड्याच्या ग्रंथालयात, त्यामुळे तू लहानपणापासून ते बघितलेलं. आम्हां गल्लीतल्या लोकांना तिथं कोण शिरू देत होतं? मी ते पहिल्यांदा पाहिलं ते थेट परांचीवरून, हातभर अंतरावरून. गाडीच्या चाकाएवढे चेहरे, वाकडे खांब, ताणलेले हात. मी तुला म्हटलंसुद्धा, "हे काढणारा प्यायलेला होता बहुतेक." तू रागानं लाल झालीस. "खालून बघ, आल्विन! ते खालून बघायचं असतं!" पण खालून दिसणार काय? सगळीकडे माझ्याच फळ्या.

राजवाडा आता पुन्हा राजवाड्यासारखा करायचा ठरलाय. मार्चमध्ये ड्रेस्डेनहून कॉर्डुला वीस्नर नावाची बाई आली, जुनी चित्रं साफ करणारी. पस्तिशीची, डोक्याला फडकं, तोंडात सतत आल्याची गोळी. आठवड्याभरात माझ्या दारात उभी. "ट्योपेल मिस्त्री, छताला पांढऱ्याचे हात तुम्हीच मारलेत ना? चला माझ्याबरोबर." मला वाटलं, आता शिव्या बसणार. गुडघे कुरकुरत परांचीवर चढलो. तिनं स्पंज कोमट पाण्यात बुडवला, छतावर टेकवला, उचलला. पांढऱ्यातून निळा रंग वर आला. इर्मगार्ड, मी जन्मभर रंग कालवले, पण तसा निळा मला कधी साधला नाही. ओल्या गिलाव्यात मुरलेला, अडीचशे वर्षांचा, आणि जणू सकाळीच लावलेला.

मग मी रोज जायला लागलो. बादल्या भरून द्यायचो, तेवढंच निमित्त. एके दिवशी सूर्याचे घोडे निघाले, एके दिवशी द्राक्षं, एकदा तर फक्त एक कान निघाला आणि आम्ही दोघं टाळ्या पिटत बसलो. कडेच्या पट्टीवरून खाली लोंबणारा तो गिलाव्याचा पाय आठवतो? त्यालाही मी पांढरा हात मारला होता. चाळीस वर्षं जेवणारी पोरं हसायची, "स्वर्गातून पडता पडता कोणीतरी अडकलाय!" मे महिन्यात त्या पायाला मांडी मिळाली, मग पोट, पंख, आणि शेवटी हसरं तोंड. गिलावा कुठं संपतो नि चित्र कुठं सुरू होतं, ते मला बोट लावूनही सांगता येईना.

ऑगस्टमध्ये परांची उतरवली. कॉर्डुलानं मला खांद्याला धरून दालनाच्या मधोमध नेलं, एका काळ्या फरशीवर उभं केलं आणि म्हणाली, "आता मान वर करा." वाकडे खांब सरळ झाले होते. उंच, उंच निघाले होते, आणि त्यांच्यावर छतच नव्हतं. आकाश होतं. घोडे त्यातून खरंच दौडत होते. मी टोपी काढली. सदुसष्ट-अडुसष्टचा बाप्या मी, हुंदका आवरेना. आपण काय झाकलं होतं ते मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं.

वर्तमानपत्रवाला आला. कॉर्डुलानं त्याला समजावलं, की कळीचा चुना फासला असता तर तो चित्राला कायमचा धरून बसला असता, सुरीनं खरवडावा लागला असता, निम्मं चित्र गेलं असतं. हा खडू आणि सरस होता, म्हणून पाण्यानं सुटला. त्यानं मला विचारलं, "मुद्दाम केलंत ना?" मी नुसता हसलो. झालं! बेकरीवाली आलुबुखाऱ्याचा केक घरी पाठवते, शाळेतली मुलं टोप्या काढतात. नगराध्यक्षांनी पितळी पाटी कोरून घेतलीय, दालनाच्या दाराशी लावायला: 'आल्विन ट्योपेल यांनी हे वाचवलं.' तीन आठवडे मी तो केक खाल्ला.

मी चुन्याचं पिंप भरून ठेवलं होतं, हे तुझ्याशिवाय कोणाला माहीत आहे? परांचीखाली उभं राहून तू हात जोडलेस. "चुना नको, आल्विन. खडू आणि सरस लाव." मी म्हटलं, "पाच वर्षांत पापुद्रे सुटतील, धंद्यात नाव जाईल माझं." तू म्हणालीस, "जाऊ दे ना." मी चुना ओतून दिला तो छतासाठी नव्हे, तू रडायची थांबावीस म्हणून. आणि छत झाकू नये असा अर्ज तू जिल्ह्याला धाडलास, त्यावर माझी सही मागितलीस, तेव्हा मी ब्रश धुत बसलो. अर्ज एकटीच्या सहीनं गेला. तुझी शाळेतली नोकरी गेली, आणि वसंतात तू बर्लिनमार्गे पलीकडे, पश्चिम जर्मनीत, निघून गेलीस. मी निरोप द्यायलाही आलो नाही. आज सकाळी नगराध्यक्षांकडे जाऊन हे सगळं सांगितलं. ते कुरकुरले, "अहो, पाटी कोरून झालीय!" मी म्हटलं, "मग दुसरी कोरा." शेवटी कबूल झाले, वही उघडली आणि विचारलं, "त्यांचं आताचं आडनाव काय?" मला सांगता आलं नाही. तुझ्या मावसबहिणीकडून पत्ता मिळाला, पण नाव मी तिला मुद्दामच विचारलं नाही. ते तुझ्याकडूनच यावं असं वाटलं. माहेरचं लिहायचं की सासरचं, तेवढं कळव. पाटी थांबली आहे.

तुझा, असं म्हणायचा हक्क उरला नसला तरी,
आल्विन