शेणपाणी सोडण्याचा परवाना

२ मार्च
गोठ्यातलं शेणपाणी शेतात सोडायचा परवाना ३१ तारखेला संपतोय. त्याआधी नूतनीकरणाचा अर्ज. गाई चाळीस. त्यांचं सगळं धाकटा भाऊ बघतो, कागदपत्रं मी. अजून महिना पडलाय. आज नवी फाइल आणली. निम्मं काम झालंच म्हणायचं.

९ मार्च, रविवार
अर्जासोबत ओढ्याच्या पाण्याचा लॅब रिपोर्ट लागतो. बाटली भरली. चोवीस तासांत पोचवायची असते. लॅब आज बंद. फ्रिजमध्ये ठेवली.

१३ मार्च
भावजयीने विचारलं, ही बाटली हलवू का? ओतून दे म्हणालो. पाणी ताजं असलेलं बरं, असं शास्त्रीय कारणही दिलं. तिला पटलं. मला नाही.

२० मार्च
धाकट्याने विचारलं, कागद कुठवर आलेत? शेवटच्या टप्प्यात, म्हणालो. तो पहाटे चारपासून धारा काढत होता. वर मलाच म्हणाला, फार धावपळ करू नकोस. दुपारी झोप लागेना. मग लागली.

३१ मार्च, सायं. ५.५०
ऑनलाइन अर्ज रिपोर्टच्या नंबरवर अडलाय. ऑफिस सहाला बंद होतं. फोन केला, एंगेज. पुन्हा करणं बरं दिसलं नसतं.

१ एप्रिल
परवाना संपला. गाईंना काही फरक पडलेला दिसत नाही. उगाच बाऊ केला.

८ एप्रिल
पर्यावरण खात्याच्या बाई आल्या. आवाज न चढवता सांगितलं, मुदत गेल्यावर नूतनीकरण नाही. नवा अर्ज, तीन महिने. तोवर शेतात थेंब सोडायचा नाही. शेणपाण्याची टाकी भरत आलेली, म्हणजे निम्म्या गाई हलवायच्या. उशीर कुणाकडून झाला, त्यांनी विचारलं. मी सांगणारच होतो. खरंच.
धाकटा म्हणाला, "माझ्याकडून. दादाने दहादा आठवण केली होती."
मी एकदाही केली नव्हती. बाईंच्या कागदावर सही त्याने केली.

९ एप्रिल
वीस गाई पलीकडच्या गावातल्या गोठ्यात ठेवायला नेल्या. धाकट्याने एकेक नावाने हाक मारून ट्रकवर चढवली. मी दोर धरायला गेलो, तर गाय बुजली. उद्या त्याला सगळं खरं सांगणार. नक्की.

१० एप्रिल
पहाटे गोठ्यात गेलो. म्हणालो, एक सांगायचंय.
"माहीत आहे, दादा," तो म्हणाला. "चारा टाक."
रोजच्याएवढा उचलून आणला. निम्मा परत नेऊन ठेवला.