हळदीचा टिळा लावलेला ससा

बाई, काल संध्याकाळी शिरपूरहून परत आले. रोजच्यासारख्या चार ओळी डायरीत लिहायला बसले, तर त्या ओळी तुझ्याशीच बोलायला लागल्या, म्हणून वही मिटली आणि वेगळा कागद घेतला. तू होतीस तोवर घरात सगळे तुला बाईच म्हणत, नानासुद्धा. तुला आई म्हणून हाक मारल्याचं मला एकदाही आठवत नाही. काल संवत्सरी होती, पर्युषणाचा शेवटचा दिवस, आणि मी सकाळीच आपल्या माळावर गेले होते. तिथे काय झालं ते तुला सांगायचं आहे. पण आधी सगळं पहिल्यापासून मांडते, कारण यातलं मला स्वतःला किती आठवतं आणि तू नंतर सांगितलेलं किती, हे माझं मलाच आता नीट वेगळं करता येत नाही.

मुदतीच्या तापाचं तर नक्कीच तू सांगितलेलं आहे. मी चार वर्षांची होते. डॉक्टरांनी नानांना बाजूला घेऊन काहीतरी सांगितलं आणि ते तुझ्याकडे न बघता दुकानात जाऊन बसले, तेवढ्यावरून तू काय ते ओळखलंस. मग तू जैन स्थानकात जाऊन नवस बोललीस: पोर वाचली तर तिच्या वयाच्या वर्षाला एक, इतके जीव दर पर्युषणात सोडवीन, तिचं लग्न होईपर्यंत. सुरीखाली जाणारा जीव विकत घ्यायचा आणि मोकळा करायचा, हे आपल्यात चालत आलेलं. बाकीच्या बायका खाटकाकडून बकरा सोडवून पांजरापोळात पाठवत. मी उठून बसले त्याच आठवड्यात आपल्या ओट्यासमोरून जाळीवाली ससे घेऊन बाजाराला निघाली होती, म्हणून आपल्या वाट्याला ससे आले.

ती डोंगराकडच्या पाड्यावरची. नवरा माळावर जाळी लावायचा आणि ती टोपली डोक्यावर घेऊन गावात यायची. पर्युषणाच्या आठ दिवसांत ससे मिळतील तसे ती आणायची आणि तू मागच्या दारी पाटावर बसून एकेक हातात घ्यायचीस. पाय घट्ट धरायचे, नाहीतर झटका मारून स्वतःचंच हाड मोडून घेतो, हे तिने तुला शिकवलं होतं. मला आठवतात ते सशाचे डोळे. ते मिटत नसत. मानेवरचा काळा डाग, आतून गुलाबी कान, आणि बोटाखाली त्याचं काळीज इतकं जोरात धडधडायचं की तो सगळाच्या सगळा काळीजच आहे असं वाटायचं. तू वाटीतल्या ओल्या हळदीत बोट बुडवून त्याच्या दोन कानांमध्ये टिळा लावायचीस, कानात नवकार मंत्र म्हणायचीस, आणि मग बैलांच्या दमणीतून माळावर जाऊन आपण त्याला सोडायचो. मी एकेका वर्षाने वाढत होते, तसा एकेक ससा वाढत होता. पर्युषण जवळ आलं की जाळीवाली मला न्याहाळायची, उंची बघितल्यासारखी.

बाराव्या वर्षी मात्र ते घडलं. शेवटच्या दिवशी तिने टोपलीवरचं फडकं काढलं. ‘‘शेठाणी, पोर बारा वरीसनी व्हयनी ना? हाऊ बारावा शे.’’ तू त्याला उचललंस, बोट हळदीत बुडवलंस आणि तसंच हवेत धरून राहिलीस. त्याच्या दोन कानांमध्ये आधीच पिवळा डाग होता.

‘‘हा तर आपलाच,’’ तू म्हणालीस.

‘‘व्हय, तुमनाच शे,’’ ती मोकळेपणाने हसली. ‘‘तुम्ही सोडतस, आम्ही धरतस. त्याले बी आते सवय व्हयनी.’’

फसवणूक पकडली गेल्याचा तिच्या चेहऱ्यावर मागमूसही नव्हता, कारण तिच्या लेखी ती फसवणूक नव्हतीच. एका बाईला ससे सोडायचे आहेत, दुसरी ससे आणून देते आहे. तू तिला विचारलंस, मी घेतलेच नसते तर तुम्ही किती धरले असते? ‘‘खावापुरता. येक-दोन.’’ आणि बाकीचे? तिने तुझ्याकडे असं पाहिलं, जणू एवढी शहाणी बाई हे काय विचारते. ‘‘बाकीना तुमनासाठेच ना, शेठाणी.’’

तुझा आठवा उपास होता. तू भिंतीला टेकून बसलीस. नाना दुकानातून आले, त्यांना सगळं कळलं आणि त्यांना हसू आवरेना. ‘‘तेच गिऱ्हाईक, तोच माल, दोनदा विकला. मला नाही जमलं हे सगळ्या आयुष्यात. तिला माझ्या गादीवर बसवायला पाहिजे.’’ तू हसली नाहीस. तू माझ्याकडे बघत होतीस. मला तेव्हाच कळलं की तू मनात मोजते आहेस: या वर्षी एक कमी पडला, पण मागच्या वर्षी? त्याच्या मागच्या? टिळा पुसून परत आलेले किती असतील? माझ्या खात्यावरची किती वर्षं खोटी होती? मलाही तेच वाटलं. त्या दुपारी मी आरशात स्वतःकडे बराच वेळ बघत होते.

आणि मग दुसरी भीती आली, ती पहिलीहून मोठी. जे ससे जाळ्यात आले, ते तुझ्यासाठी आले. माझ्या आयुष्यासाठी तू दरवर्षी माळावर जाळी मागवत होतीस. संध्याकाळी प्रतिक्रमणानंतर बायका एकमेकींची क्षमा मागत होत्या. तू स्थानकातून निघालीस ती थेट ओट्यावर बसलेल्या जाळीवालीपाशी आलीस, हात जोडलेस आणि ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हणालीस. ती गडबडून उठली. ‘‘आते हाई काय?’’ मग तू टोपलीपुढे वाकून सशालाही तेच म्हणालीस. तिला ते इतकं विचित्र वाटलं की तिनेही घाईघाईने हात जोडले, कुणाला ते तिलाही माहीत नसावं.

दुसऱ्या दिवशी पारणं करून उपास सोडल्यावर तू साध्वीजींकडे गेलीस. बोललेलं बदलता येतं का, हे विचारायला. त्यांनी होय किंवा नाही म्हटलं नाही. मोजतेस कुणासाठी, असं विचारलं, एवढंच तू घरी येऊन सांगितलंस. आणि त्याच दिवशी जेवणाच्या पानावर तू नानांकडे माळ मागितलास. नानांनी तो नांगरून भुईमूग लावायचं ठरवलं होतं. ‘‘माळ? तिथं काय आहे? कुसळं, बोरी आणि तरसं.’’ ‘‘तेच हवंय,’’ तू म्हणालीस. तू कधी पाटल्या मागितल्या नव्हत्या, साडी मागितली नव्हती. नाना घास हातात धरून तुझ्याकडे बघत राहिले. पुढे एवढंच म्हणाले, ‘‘पोरीच्या नावाने करू. म्हणजे मला विकायचा मोह व्हायचा नाही.’’

जाळीवालीशी तू सरळ बोललीस. गवत तुझं, दिवाळीनंतर काप आणि विक. माळात जाळं लागायचं नाही. तिने डोकं खाजवून विचारलं, ‘‘आनि ससा बांधना भाइर ऊना तं?’’ तू म्हणालीस, ‘‘बाहेर आला तर ते तुझं आणि त्याचं. मी मध्ये पडणार नाही.’’ मला वाटतं, याच बोलण्यामुळे तिने तुझ्यावर विश्वास ठेवला. कापताना बांधालगतचा पट्टा तसाच सोडायचा, हेही तिनेच सुचवलं. तू मात्र गड्याला लावून सशांसाठी चांगली खोल बिळं खणून घेतलीस. ती तोंडाला पदर लावून हसत उभी होती. ससा बिळात राहतच नाही, उघड्यावर गवतात बसतो, हे तिने तुला त्या दिवशी सांगितलं नाही. ती बिळं खोकडांनी घेतली.

आणि मला जवळ बसवून म्हणालीस, ‘‘आता मोजायचं नाही. तिथे असतील तेवढे तुझे.’’

त्याच हिवाळ्यात मला ताप आला. साधाच असावा, पण घरात कुणी तो साधा आहे असं म्हणायला धजेना. तिसऱ्या दिवशी सकाळी मागच्या दारी जाळीवालीचा आवाज आला. मी खाटेवरून ऐकत होते. ‘‘पोरनासाठे आणात. पैसा नको माले. टिळा लाया आनि सोडी द्या.’’ मग फडक्याखाली पाय घासल्याचा आवाज तेवढा येत होता. बाई, मी आता स्वतः आई आहे, त्यामुळे त्या शांततेत काय होतं हे मला तेव्हापेक्षा जास्त कळतं. हात पुढे करायचा, एवढंच बाकी होतं. तू म्हणालीस, ‘‘जिथून आणलेस तिथे नेऊन सोड. मी हात लावणार नाही.’’ आणि मग हलक्या आवाजात, ‘‘तू आलीस, हे मी विसरायची नाही.’’ ती टोपली उचलून गेली. तिने ते ससे सोडले की शिजवले, हे तू तिला कधीच विचारलं नाहीस. तू आत आलीस, माझ्या कपाळावरची घडी बदललीस. ताप दोन दिवसांनी उतरला. त्यातून काही सिद्ध होत नाही, हे मला माहीत आहे. पण तू नाही म्हणालीस, त्यानंतरही मी जगले, हे मला पुढे फार उपयोगी पडलं.

पुढे मी धुळ्याला कॉलेजात प्राणिशास्त्र घेतलं. आमचे सर फळ्यावर आफ्रिकेचा गवताळ प्रदेश काढायचे: सिंह, झेब्रे, जिराफ, आणि मला सारखा आपला माळ दिसायचा. आकार लहान, पण रचना तीच. गवत खाणारे, त्यांच्यावर टपलेले, आणि खालून बिळं करणारे. सुट्टीत मी सस्तन प्राण्यांचं जाडजूड चित्रांचं पुस्तक आणलं. तू गहू निवडता निवडता पानं उलटायला लावायचीस. हत्तीला हात जोडलेस. अस्वल पाहून, हे आपल्या सातपुड्यातलं, म्हणालीस. गेंड्यापाशी मात्र थांबलीस आणि इतक्या गंभीरपणे म्हणालीस, ‘‘देवाने वाचवलं. त्या वर्षी दारात हा आला असता तर?’’ आपण दोघी गव्हाचं ताट सांडेपर्यंत हसलो.

सगळं सुरळीत झालं असं मी लिहिणार नाही. एका वर्षी माळाच्या मधोमध फासा सापडला आणि तू जाळीवालीशी महिनाभर बोलली नाहीस. दुष्काळात तूच बांध उघडून गावाची गुरं आत घेतलीस. माळ मातीपर्यंत उघडा पडला आणि मी पत्रातून तुझ्याशी भांडले. दोन पावसाळ्यांनी गवत परत आलं. ससे कुठून आले, कोण जाणे. शिकारबंदीचा कायदा आला तेव्हा पाड्यावरच्या कितीजणांचं पोट अडलं, हा प्रश्न माझ्या डायरीत अनेकदा आहे. एका कुटुंबाला गवत दिल्याने त्याचं उत्तर होत नाही. पण त्या एका कुटुंबाला दिलेलं गवत आजही त्यांचंच आहे. आता जाळीवालीची नात कापते.

या आषाढात माझ्या मुलाला कावीळ झाली. तो अठरा वर्षांचा आहे. दवाखान्याच्या व्हरांड्यात उभी असताना मी, प्राणिशास्त्राची पदवीधर, ओठांवर आलेलं वाक्य गिळलं. ते कुठलं, ते तू ओळखशील. तो आता घरी आहे. अशक्त आहे, पण परवा त्याने आपणहून भाकरी मागितली आणि वर मिरचीही मागितली. ती दिली नाही म्हणून रुसलाही.

काल सकाळी मी बांधावर बसले. गवत कमरेएवढं, ओलं. पायवाटेवर एक ससा आला, मग बोरीखालून दुसरा. मी काय करते आहे हे माझ्या लक्षात यायच्या आत तीन झाले होते. मग चार. पाचवा निघाला आणि मी अडले. हा पाचवा की फिरून आलेला पहिलाच? हळदीचा डाग थोडाच होता! मला एकटीला मोठ्याने हसू आलं आणि त्या आवाजासरशी समोरच्या गवतातून एका चिंकारा मादीने मान वर केली. मग तिच्या शेजारी दुसरी, लहान मान. आपल्या माळावर चिंकारा मी आजवर पाहिला नव्हता. तूही पाहिला नव्हतास. दोघं माझ्याकडे बघत उभी राहिली आणि मग घाई न करता पलीकडच्या उतारावर गेली.

हा कागद मी त्या पुस्तकात ठेवणार आहे, गेंड्याच्या पानात. एवढंच सांगायचं राहिलं आहे. गवत किती तयार झालं ते बघायला जाळीवालीची नात आली होती आणि तिने माझी हलणारी बोटं पाहिली. ‘‘काय मोजी ऱ्हायनी, आक्का?’’

मी म्हणाले, काही नाही. आणि ती पुढे गेल्यावर, बाई, पुन्हा एकपासून सुरुवात केली.