वेफरचं वजन

डेव्हनपोर्ट, ऑकलंड
४ डिसेंबर १९९४

प्रिय रेविन,

पाकिटावरचं माझं नाव बघून तू हे पत्र तसंच केराच्या डब्यात टाकलं नाहीस, म्हणजे निम्मं काम झालं. टिमरूच्या टेलिफोनच्या यादीत तुझ्या नवऱ्याच्या आडनावाची चार घरं आहेत. तीन घरांना मी फोन करून छळलं. चौथं तुझं, हे कळल्यावर मात्र फोन उचलायचा धीर झाला नाही. म्हणून पत्र, तेही तीस वर्षांनी.

आधी वाईट बातमी सांगते. माझे डॅड ऑगस्टमध्ये गेले. शेवटपर्यंत डोकं शाबूत होतं. जेवणाची गाडी घेऊन येणाऱ्या नर्सला ते रोज विचारायचे, ‘‘ही गाडी एवढी जड कोणी बांधली?’’ घर आवरताना खालच्या गॅरेजात ताडपत्रीखाली उलटी ठेवलेली आपली शिडाची बोट ‘वेफर’ सापडली. फेब्रुवारीत आपला क्लब डॅडच्या फॅन्टेल बोटींची चाळिशी साजरी करतोय आणि जुन्या लाकडी बोटींची एक रेस ठेवलीय. मी काही विचार न करता नाव देऊन टाकलं. पन्नाशीतल्या बाईनं करू नये ते सगळं मी हल्ली करते.

फॅन्टेल कशी जन्मली ते तुला डॅडनी दहादा तरी सांगितलं असेल, पण मला ते पुन्हा सांगावंसं वाटतंय, कारण पुढची सगळी गंमत त्यातच आहे. तोवर बोटी असायच्या कौरीच्या जड लाकडी फळ्यांच्या. फळीवर फळी चढवलेली, आत बरगड्या दाटीवाटीने, उचलायला चार बाप्ये. डॅड युद्धात विमानांच्या कारखान्यात प्लायवुड चिकटवायचे. परत आले ते एकच खूळ डोक्यात घेऊन, की विमान जर चिकटवून उडतं तर बोट का नाही. बरगड्या जवळजवळ सगळ्या काढून टाकल्या. प्लायवुडचे सपाट तुकडे कडेला कड लावून चिकटवले, तळ मागे पसरट ठेवला, म्हणजे वारा लागला की बोट पाणी कापत बसणार नाही, पाण्यावर चढून पळेल. क्लबातले म्हातारे हसले. ‘‘क्लॅरी, चहाच्या पेटीला शीड लावलंस की रे!’’ त्या पेटीनं पहिल्याच मोसमात त्यांच्या सगळ्या कौरीच्या बोटी मागे टाकल्या, आणि दोन वर्षांत निम्म्या गल्लीच्या गॅरेजांतून डिंकाचा वास यायला लागला.

आणि वजनाचं ते वेड! आईचा केकचा तराजू त्यांनी पळवलेला आठवतो? प्रत्येक तुकडा, प्रत्येक स्क्रू तोलायचा आणि आतल्या बाजूला सुताराच्या पेन्सिलीनं वजन लिहून ठेवायचं. ‘‘जे लिहिलं नाही ते बोटीत नाही,’’ म्हणायचे. आपल्या ‘वेफर’च्या मोजमापाच्या दाखल्यावर एकशे पाच पौंड लिहिलंय, नियमात बसेल इतकं हलकं, त्याखाली एक औंसही नाही. दाखला एकदाच मिळतो, बोट नवी असताना. नंतर कोणी हलकी केली का, एवढीच भीती क्लबाला. जड झाली का म्हणून कोण कशाला विचारतंय?

मी विचारलं. शाळेत सत्तावीस वर्षं विज्ञान शिकवल्यावर ही खोड जात नाही. न्हाणीघरातले वजनाचे दोन काटे आणले, एक पुढच्या टोकाखाली, एक मागच्या. एकशे एकोणतीस पौंड! म्हटलं, लाकडानं दमट हवा प्यायली असेल. तीन आठवडे खिडकीतल्या उन्हात वाळवली. तीन पौंड गेले. रंगाचे चार थर खरवडले, तरी काटा काही फारसा हलेना. मग बोटांनी ठोकून बघितलं. बाजू टणटण वाजतात आणि तळ मात्र भरल्या पोटासारखा वाजतो. मला झोप लागेना गं, इतकं कुतूहल. एकवीसेक पौंड म्हणजे वर्षाचं गुटगुटीत पोर. ते बोटीत शिरलं कधी?

आता ते लिहिते, जे टाळत होते. चौसष्टच्या फेब्रुवारीत रांगिटोटोच्या खाडीत आपण उलटलो होतो, तळ फाटला होता, आणि लाँच येईपर्यंत दोन तास आपण त्याला चिकटून होतो. तू मला सारखी त्या मेल्या स्पेलिंगच्या परीक्षेतले शब्द विचारत होतीस, मी झोपू नये म्हणून. त्या जूनच्या हिवाळ्यात डॅडनी बोट दुरुस्त करून रंगवली. मी तेव्हा वेलिंग्टनला मावशीकडे होते. पुढच्या मोसमात ‘वेफर’ पळेचना. आठवी, नववी, एकदा तर शेवटून दुसरी. बोट तर बरोबरच होती, डॅडनी बांधलेली. मग चूक कोणाची? तू नुकतीच बेकरीत कामाला लागली होतीस, गाल जरा वर आले होते. आणि मी सगळ्या क्लबासमोर, बोटी धुताना, ते बोलले. ‘‘वेफरवर बसायचं तर पाव खाणं सोड, नाहीतर मी दुसरी जोडीदार बघते.’’ पोरं हसली. तू जर्सी पिळलीस आणि म्हणालीस, ‘‘तुझी बोट, तू ठरव.’’ बस, एवढंच.

मी काटकुळी जोडीदार घेतली, तरी नववीच. डॅड मध्येच एकदा म्हणाले होते, ‘‘नोली, बोट एकदा तोलून बघ ना.’’ मी फणकारले, ‘‘तुमच्या हातची बोट काय तोलायची?’’ ते कितीतरी आठवडे विचारत होते, रेविन का येत नाही म्हणून. मी खोटं सांगितलं, की तुला कंटाळा आला. मार्चमध्ये मी शीड गुंडाळलं ते कायमचं, आणि तू दक्षिणेला गेलीस असं कोणाकडून तरी ऐकलं.

गेल्या मंगळवारी मागच्या कडेजवळ डिंक सुटलेला दिसला. पटाशी घातली. तळाच्या खाली दुसरा तळ निघाला, सबंध, पुढपासून मागपर्यंत चिकटवलेला. उचकटलेल्या तुकड्याच्या आतल्या बाजूला डॅडचं पेन्सिलीतलं अक्षर आहे. ‘जून १९६४. दुसरा थर. वजन अधिक एकवीस. पुन्हा फाटायला नको. नोलीला सांगू नये, सोलून काढेल.’ आणि त्याखाली, त्या गोल गोल अक्षरात, ज्यानं तू माझ्या वह्या भरायचीस: ‘चिकटवताना क्लॅम्प धरले: रेविन.’

मी गॅरेजात खाली बसून रडले. म्हणजे तुला ठाऊक होतं. त्या दिवशी नळापाशी एक वाक्य बोलली असतीस तर हसणारी पोरं माझ्याकडे वळली असती. डॅडना शब्द दिला होतास म्हणून तू ते वजन स्वतःच्या अंगावर घेतलंस आणि गेलीस. ते म्हातारे गृहस्थही कमाल! जन्मभर औंस औंस काढत आले आणि आपल्या दोघींसाठी एकवीस पौंड घातले. मला त्यांचा राग येतो आणि तितकंच रडू येतं. तुझा राग मात्र कुठे शोधूनही सापडत नाही. माझं चुकलं, रेविन. हे मला तेव्हाच, तो थर माहीत नसतानाही, म्हणायला हवं होतं.

क्लबातला एक तरुण सुतार म्हणतो, ‘‘बाई, एका शनिवारात सोलून देतो, पहिल्या याल.’’ मी नको म्हटलं. सुटलेली कड परत चिकटवली, तुमचं ते लिहिलेलं आत ठेवून. रेस अकरा फेब्रुवारीला आहे, नावं वीस जानेवारीपर्यंत द्यायची आहेत. अर्जात जोडीदाराच्या रकान्यात मी पेन्सिलीनं तुझं नाव लिहिलंय. शाईनं गिरवू की खोडू, ते कळव. हे विचारायला म्हणून एवढं मोठं पत्र. नववा नंबर नक्की आहे आणि पुढच्या शिडाची तुझी जागा मी पुसून ठेवलीय. येताना तुमच्या तिकडचा पाव आण, वाटेत खाऊ.

तुझीच, बोट तोलायला तीस वर्षं उशीर केलेली,
नोलीन