कच्च्या केळ्यांच्या भाजीचं पान

पलूस,
३ फेब्रुवारी २०२५

चि. अतिशय यास,
राजमतीमावशीचा जय जिनेंद्र आणि पुष्कळ आशीर्वाद.

फोनवर मला ऐकू येत नाही आणि टाइप करताना बोटं चुकतात, म्हणून हे पत्र. तू मुली बघायला टाळाटाळ करतोस, अशी तुझ्या आईची तक्रार आली आहे. त्याचा समाचार भेटीत घेईन. आज काम वेगळं आहे.

प्रियदर्शनीची पाककृतींची वेबसाइट तूच तिला करून दिलीस. लेक जाऊन सव्वा वर्ष झालं, पण दिवस मावळायच्या आत स्वयंपाकाला लागले की मी तिचं एखादं पान वाचतेच. ती घरात बोलायची तशीच तिथं लिहायची. माझे कान गेल्यापासून तिचं बोलणं मी असं वाचूनच घेत आले.

गेला आठवडाभर कुठल्याही पदार्थावर बोट ठेवलं की चपलांचं दुकान उघडतं. कच्च्या केळ्यांच्या भाजीचं पान आधीपासून उघडं होतं, तेवढंच दिसतं. शेजारची मंगल म्हणते, साइट अडकली असेल, पान बोटानं खाली ओढलं की ताजं होईल. मला धीर होत नाही. बाकीची पानं कुठं गेली, ते कळव.

तुझ्या वाटेकडे डोळे लावून बसलेली,
राजमतीमावशी

कुपवाड,
५ फेब्रुवारी २०२५

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

पत्र आत्ता कारखान्यातून आल्यावर मिळालं. पान खाली ओढू नकोस आणि बंदही करू नकोस, असा मेसेज लगेच पाठवला आहे. कारण नीट सांगतो.

वेबसाइटची पानं आपल्या फोनमध्ये नसतात. ती लांब कुठंतरी, रात्रंदिवस चालू असलेल्या कॉम्प्युटरवर असतात. त्याला सर्व्हर म्हणतात. आपण साइटचं नाव टाकलं की फोन आधी त्या नावाचा पत्ता शोधतो आणि मग त्या पत्त्यावरून पानाची नक्कल मागवतो. नाव आणि जागा दोन्ही ठरावीक मुदतीपुरतीच आपली असतात. मुदत संपली. नाव दुसऱ्यानं घेतलं, चपला त्याच्याच. जागाही रिकामी करून टाकली आहे. मी सगळीकडे शोधलं, कुठंच काही उरलेलं नाही.

मुदतीच्या सूचना प्रियदर्शनीताईच्या फोनवर येत होत्या. तो तू बंद करून कपाटात ठेवलास, हे मला ठाऊक होतं. ती गेल्याचं माहीत नसलेले लोक कृती विचारत राहायचे, फोन सारखा उजळायचा आणि तुला ते बघवत नव्हतं. तुझं काहीच चुकलं नाही. लक्ष मी ठेवायला हवं होतं, याची फार खंत वाटते.

तुझ्याकडे उघडं आहे ती जुनी नक्कल आहे. ओढलंस तर फोन नवी मागवेल, आणि आता त्या पत्त्यावर ताई नाही. रविवारी येतो आणि त्या पानाचे फोटो काढून ठेवतो. मुलींचा विषय मात्र नको.

राग न धरता जवळ घे,
तुझा अतिशय

पलूस,
७ फेब्रुवारी २०२५

चि. अतिशय यास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आज मिळालं. मेसेज पाहिला तेव्हाच उशीर झाला होता. परवा संध्याकाळी कणीक मळून झाली आणि राहवलं नाही. वाटलं, मंगल म्हणते तसं एकदा ओढलं तर सगळीच पानं परत येतील. एका पानावर समाधान मानायला हवं होतं. मी ओढलं आणि चपला आल्या. मंगल रडली. तिला काही बोलू नकोस, बोट माझंच होतं.

प्रियदर्शनीचा फोन कपाटातून काढून चार्जिंगला लावला होता. लागला, पण आता त्याचा काय उपयोग, म्हणून परत ठेवला.

ते पान मला बहुतेक पाठ आहे. केळी सालासकट उकडायची, फोडी मोठ्या ठेवायच्या, फोडणीत ओवा घालायचा. शेवटी तिनं लिहिलं होतं की आई, तुझा हात सढळ आहे, मीठ कमी वाटलं तर आधी मला विचार.

काल भाजी केली. मीठ कमीच झालं होतं. वरून घेतलं नाही, तशीच खाल्ली.

रविवारी दिवस असतानाच जेवायला ये. भाजी तीच करीन. मीठ मागू नकोस.

तुझी आठवण काढणारी,
मावशी