मायच्या फोटोसाठी रोल

३ नोव्हेंबर
माय म्हणे, गोपाल, मले एक फोटो काढून दे, भिंतीवर लावाले. आधार कार्डावर मी चोट्टी दिसतो. डॉक्टरांनी महिनाभराचंच आयुष्य सांगितलंय, ते तिने मनावर घेतलं. डॉक्टर काय, सांगतातच. बायको, वर्षाली, लगेच मोबाइल घेऊन उठली. तिला बसवलं खाली. जन्मभर शेवंती विकलेल्या बाईचा फोटो मोबाइलवर? माझा १९७८चा कॅमेरा काय पूजेला ठेवलाय? काढीन तर रोलवरच.

५ नोव्हेंबर
ब्लॅक अँड व्हाइट फायनल. सुरकुत्या झकास येतात. रोल ऑनलाइन मागवले.

११ नोव्हेंबर
आले. पण मायला हिरवं लुगडं नेसायचंय. ब्लॅक अँड व्हाइटमध्ये हिरवं काय दिसणार, कप्पाळ! कलर मागवला. वर्षालीने लुगडं इस्त्री करून ठेवलं. तिलाही पटलं असावं.

१९ नोव्हेंबर, सकाळी ७
कलरचे दोन प्रकार आले. एकात चेहरा पिवळट येतो म्हणतात. माय आधीच पिवळी पडलीय. म्हणून दुसरा. उद्या नक्की.

२० नोव्हेंबर
ढग. कॅन्सल. माय लुगडं नेसून दुपारपर्यंत बसून होती. म्हणे, काहून रे, उनातच दिसतो का मी?

२४ नोव्हेंबर
झालं! अंगणात, उशीला टेकवून. माय लाजली, हसली. शेजारच्या गंगूबाईला म्हणे, पोरानं माह्यासाठी सुट्टी टाकली. वर्षालीने मध्येच मोबाइल काढला, आत ठेवायला लावला. रोल पुढे सरकवायची दांडी काय हलकी चालत होती! ३६चा रोल, फोटो निघाले ४३. हात बसला की असं होतं.

२ डिसेंबर
सकाळी माय गेली.
४३ फोटो आहेत. तेवढाच आधार.

९ डिसेंबर, अकोला
तेरवीला फोटो पाहिजे. इथला एक म्हातारा स्टुडिओवाला अजून रोल धुतो. कॅमेराच नेऊन दिला. त्याने काळ्या पिशवीत हात घालून उघडला. म्हणे, भाऊ, रोल आतल्या चाकाच्या दात्यांत अडकलाच नव्हता. तुमी दांडी ओढत गेले, पट्टी जागची हललीच नाही. एकही फोटो आला नाही. वर म्हणे, नुकसान नाही झालं, कोरा हाय, वापरता येते.

तोच रोल खिशात घालून बसने वलगावला घरी आलो. वर्षालीला सगळं सांगितलं. रोल वाया गेला नाही, हेही सांगितलं.
ती म्हणे, आता कोणाचा काढता?
मी तिथेच ओट्यावर बसून रडलो.